घडविणाऱ्यांची नावे

कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमला धेनुपुरीश्वराचे आणि दुर्गेचे दर्शन घेऊन एखादा रसिक यात्रेकरू काही किलोमीटरांवरील स्वामिमलैकडे वळला, तर त्याला ओतीव मूर्तींच्या कर्मशाळा पाहावयास मिळतात. एकाने मेणाची मूर्ती घडवावी, दुसऱ्याने तीवर कावेरीच्या गाळमातीचे लेप चढवावेत, तिसऱ्याने भट्टी सांभाळावी. मेण वितळून गेले की त्या पोकळीत धातूचा रस ओततात. तो निवल्यावर साचा फोडतात आणि मग कित्येक दिवस छिन्नीकाम चालते. साचा फुटतो म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव. तीवर नाव मात्र कोणाचेच नसते. उद्या जी देव होणार, तीवर सही कोणी करावी?

ही अनामिकता पाहिली की आपल्याकडे एक ठरीव वाक्य उच्चारले जाते: भारतीय कलावंताने आपला अहंकार विसर्जित केला होता. वाक्य गोड आहे. ते कारागिराच्या तोंडचे मात्र क्वचितच असते. शिवाय शेजारचे तंजावरच त्याला छेद देते. इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांत सुमारे चारशे नर्तकींची नावे त्यांच्या गल्ल्यांसह नोंदलेली आहेत. स्थपती कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन याचेही नाव तेथे आहे. त्याच मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडावर जागा होती आणि लिहिणारे हातही होते. कोणाचे नाव राहावे, हे ठरविण्याचा अधिकार तेवढा त्या हातांकडे नव्हता.

मांडणीशिल्पाच्या आणि रस्त्यावरील कलेच्या आजच्या सामायिक कर्मशाळेत हा प्रश्न अधिकच बोचरा होतो, कारण येथे देवाची सबब नाही. कल्पना एकाची असते. सांधणारा, सुतार, रंगारी निराळे असतात आणि दालनातील पाटीवर नाव पहिल्याचेच लागते. मजुरी दिली म्हणजे ऋण फिटले, असा व्यवहारी युक्तिवाद आहे. तो अर्धाच खरा आहे. मजुरीने श्रम फिटतात. निर्णय फिटत नाहीत. कलंडू पाहणारी आकृती कोठे तोलावी हे सांधणाऱ्याने ठरविले असेल, तर त्या कृतीच्या अर्थात तो सहभागी झाला. स्वामिमलैतही तालमान शास्त्राने बांधून दिले आहे, परंतु बोटांची मुरड त्या-त्या हाताचीच असते.

मुंबईच्या चित्रकर्त्री नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव येथे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जे केले, ते म्हणूनच पाहण्यासारखे आहे. कोंडागावही मेण वितळवून धातू ओतणाऱ्यांचे गाव. तेथे राजकुमार, शांतीबाई आदी स्थानिक कलावंतांसमवेत त्यांनी काम उभारले आणि त्यांची नावे साहाय्यक म्हणून नव्हे, सहकलावंत म्हणून पुढे ठेवली. यानेही विषमता मिटली, असे म्हणवत नाही. महानगरातील दालनांचे दरवाजे कोणाच्या ओळखीने उघडतात, हे उघड आहे, आणि नाव देणारा हातही अखेर देणाराच राहतो. (दातृत्वात सत्ता असतेच, समीक्षक याबाबत फार निरागस असतात.) तरीही वाद घालण्याजोगे काहीतरी तेथे नोंदले गेले, हे महत्त्वाचे.

त्या सहकार्यातून हातपंपांभोवती ‘नलपार’ ही बांधकामे उभी राहिली. पाणी भरणाऱ्या स्त्रीला घागर एकदम डोक्यावर उचलावी लागू नये, मध्ये टेकवता यावी, अशी सोय त्यांत आहे. ती घागर टेकविताना पाटी कोणी वाचत नाही.