सहाव्या मुलाचा वाटा

रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठावरच्या वासांबे-मोहोपाडा भागाची रसायनी झाली ती हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समुळे (एचओसी). केंद्र सरकारची ही कंपनी डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झाली. आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या, कारखाना उभा राहिला, कामगारांची वसाहत झाली, मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली. पुढे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स आली, १९८० च्या दशकात रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना आला, औषध कंपन्या आल्या. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचओसीचा तोट्यातला रसायनी कारखाना बंद करायला मंजुरी दिली, तरी बाकीच्या चिमण्या चालूच राहिल्या. त्यामुळे वाचनालयाला कपाटे हवी असोत, शाळेला संगणक हवे असोत की एखाद्या वाडीला पाण्याची टाकी, गावातली चार माणसे अर्ज घेऊन आजही कंपनीच्या गेटवर जातात.

हे अर्ज वाचण्यासारखे असतात. वर मंडळाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि गोल शिक्का, सोबत गळक्या छताचे फोटो. सुरुवातीलाच कंपनी सामाजिक कार्यात सदैव अग्रेसर असल्याचा उल्लेख असतो आणि शेवटी उदार अंतःकरणाने सहकार्य करण्याची नम्र विनंती. पन्नास हजारांच्या कामासाठी हात इतके जोडलेले असतात की वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखे व्हावे. ज्या गावाची जमीन कारखान्याखाली गेली, त्याच गावाने असे का मागावे? देणारा जे देतो, ते मुळात त्याचे एकट्याचे असते का? धर्मविचारात हा प्रश्न फार जुना आहे.

कायद्याने आपल्यापुरते उत्तर देऊन ठेवले आहे. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायचे. २०२१ पासून न खर्चलेले पैसे कंपनीला स्वतःकडे ठेवताही येत नाहीत. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. मात्र ही तरतूद मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा पुढे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला. शिवाय सगळी मोजणी नफ्यावर. कारखाना तोट्यात गेला की गावाचे दोन टक्केही शून्य, गेलेली जमीन मात्र तेवढीच.

सक्तीने दिलेल्याला दान म्हणायचे का? गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या दानाच्या तीन प्रती लावून पाहिल्या तर उत्तर कठीण येते. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून किंवा जिवावर आल्यासारखे दिलेले ते राजस. अवमान करून दिलेले ते तामस. वार्षिक अहवालात छापण्यासाठी, मार्च अखेर गाठण्यासाठी आणि स्थानिकांची कुरकुर थांबावी म्हणून सुटलेला धनादेश पहिल्या प्रतीत बसत नाही, आणि अर्जदाराला तीन-तीन तास गेटवर ताटकळत ठेवले तर तो तिसरीकडेच झुकतो.

पण ही फूटपट्टी कंपनीला लावणेच चूक आहे. दान करायला आधी वस्तू आपली लागते. तुकारामांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे; तिचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. परंपरेप्रमाणे धाकटा भाऊ कान्होबा याने आपल्या वाट्याची खते मागून घेतली आणि तुकोबांनी फक्त स्वतःचा अर्धा हिस्सा पाण्यात सोडला. भावाच्या हिश्शावर उदार होण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. कंपनीचा व्यवस्थापक तर भागधारकांचे पैसे सरकारच्या नियमाने वाटत असतो. त्याच्या पदरात पुण्य पडायचे कारण नाही आणि गावाने त्याच्यापुढे वाकायचेही कारण नाही.

यापेक्षा नेमका विचार धर्मशास्त्रात उत्सर्गाच्या निमित्ताने झाला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतला फरक सांगितला आहे. दानात घेणारा ठरलेला असतो आणि त्याने स्वीकारल्यावर ते पुरे होते. विहीर, तळे, बाग मात्र सर्वांसाठी सोडायची असते. देणाऱ्याची मालकी तिथे संपते, आणि पुढे तो तळ्यावर आला तर चौघांतला एक म्हणूनच.

वस्त्यांवरच्या टाक्यांकडे या नजरेने पाहावे. कंपनीच्या रंगात रंगवलेली टाकी, दर्शनी भागावर बोधचिन्ह, खाली उद्घाटकांची नावे. दोन पावसाळ्यांनंतर तोटी तुटते. कंपनी म्हणते, आम्ही टाकी ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केली. ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे तरतूद नाही. आणि वाडीतली बाई हंडा कमरेवर घेऊन सांगते, ती टाकी कंपनीची आहे. एवढ्या नाव-पाटीनंतर तिने दुसरे काय म्हणावे? देणाऱ्याने सोडले नाही आणि घेणाऱ्याने आपले मानले नाही. बांधकामाआधी वाडीची बैठक झाली असती, जागा बायकांनी ठरवली असती आणि घरटी वीस रुपये दुरुस्तीला निघाले असते, तर तोटी दुसऱ्या दिवशी बसली असती. अखंड हरिनाम सप्ताहाचा मंडप याच वाड्या-गावांत दरवर्षी वर्गणीवर उभा राहतो, पंगती उठतात आणि पै-पैचा जमाखर्च गावापुढे मांडला जातो. हिशेबाची अक्कल लोकांना कुणी शिकवायला नको.

रसायनीहून पेणकडे जाणारी गाडी आपटा, जिते करत पुढे जाते. त्याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. दान म्हणजे उपकार हा अर्थ ज्यांनी मुळापासून नाकारला, असा दुसरा मराठी माणूस विसाव्या शतकात सापडणे अवघड. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावासमोर प्रश्न ठेवला आणि रामचंद्र रेड्डी शंभर एकर द्यायला उभे राहिले. पुढे भूदान मागत गावोगाव फिरताना विनोबांची मागणी एकच असे: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. मुलगा वाटणी मागतो तेव्हा नम्र विनंतीचा अर्ज करत नाही. इस्लाममध्येही जकात ऐच्छिक नाही, आणि श्रीमंताच्या धनात मागणाऱ्याचा व वंचिताचा हक्क असल्याचे कुराण सांगते. रायगडातल्या कारखान्यांचे दोन टक्के असेच, वाटणी म्हणून, मागायला आणि द्यायला हवेत.

पण विनोबा इथेच थांबले नाहीत, आणि त्यांची पुढची गोष्ट संस्थावाल्यांना जास्त झोंबणारी आहे. भूदानाच्या कामाला गांधी स्मारक निधीतून पैसा येत होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये पळनीच्या बैठकीत त्यांनी तो घ्यायचा नाही असे ठरवले आणि भूदान समित्याही विसर्जित केल्या. निधिमुक्ती, तंत्रमुक्ती. मध्यवर्ती निधीवर जगणारा कार्यकर्ता लोकांकडे न पाहता निधीकडे पाहू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. त्याऐवजी घराघरात सर्वोदय-पात्र ठेवावे आणि त्यात लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य पडावे, असे त्यांनी सुचवले. किंमत मोठी पडली. पुष्कळ ठिकाणी कामाची घडी विस्कटली. निर्णय फार कडक होता असे म्हणता येईल, पण निदान खरे होते. आज ८०जी, सीएसआर-१ची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, तीन कोटेशने यांत तरबेज झालेली संस्था टिकते आणि मोडक्या पावतीपुस्तकावर चालणारे मंडळ मागे पडते. कागद हवेतच. फक्त लहान रकमेला लहान कागद पुरेसा ठरावा.

बाहेरचा पैसा आणि आतली मूठ यांचा मेळ कसा बसतो, हे शेजारच्या कर्जत तालुक्यात दिसले आहे. कशेळे इथल्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात घरातले भात संपले की ठाकर-कातकरी कुटुंबे सावकाराकडून सवाई-दिढीने धान्य उचलत आणि सुगीचा मोठा हिस्सा त्या फेडीत जाई. धान्य बँकेत सुरुवातीचा साठा बाहेरून येई. खावटी घेणाऱ्याने ती सुगीनंतर थोड्या वाढाव्यासह परत करायची, म्हणजे कणगी वाडीचीच होत जाते. पहिल्या वर्षी जे अनुदान होते, ते काही वर्षांनी शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी ठेवलेले भात होते. कोरोनाकाळात राज्य सरकारने प्रत्येक पात्र आदिवासी कुटुंबाला चार हजार रुपयांचे खावटी अनुदान दिले, निम्मे रोख आणि निम्मे जिनसांत. ते गरजेचे होते, पण त्यातून कणगी उरली नाही.

सरकारी वाटणीतही इथल्या वाड्या कडेला आहेत. २०१५ पासून राज्यात पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कुठे वापरायचा हे ग्रामसभा ठरवते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून खालापूर-कर्जतच्या ठाकर-कातकरी वाड्यांना तो लागू नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या अशाच एका वाडीवर, इरशाळवाडीवर, दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. नंतर मदतीचा ओघ लागला आणि सिडकोने चौकजवळ ४४ घरे बांधून दिली. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण गीतेने दानाच्या कसोटीत काळ घातला आहे, तो इथे आठवतो. डोंगरउतारावरच्या वाडीला आधी काय हवे होते हे तिला विचारायला यादीची किंवा आपत्तीची वाट पाहायची गरज नव्हती.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. पाताळगंगेच्या दोन्ही काठांवरच्या कंपन्यांनी वर्षाच्या निधीतला लहानसा भाग पंचवीस-पन्नास हजारांच्या कामांसाठी बाजूला काढून त्यांची यादी या सभांतून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. कंपनीला असे काम थेट स्वतःही करता येते. वाडीने थोडी वर्गणी आणि श्रमदान घालावे, कंपनीच्या अधिकाऱ्याने हार-नारळाशिवाय खाली सतरंजीवर बसावे, आणि पुढच्या सभेत दोघांनी मिळून खर्च वाचून दाखवावा. टाकीवर नाव घालायचेच असेल तर वाडीचे घालावे, आणि शेजारी तोटी दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर.