शब्द आई सांगायची

वडिलांचे कान सत्तरीनंतर अधू झाले. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात आणि जाड आवाज मागं राहतात, असं डॉक्टरांनी कागदावरची उतरती रेघ दाखवून सांगितलं. म्हणजे तबल्याचा डग्गा ऐकू येतो, पण स, श, फ, थ गळून पडतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

सिडकोतल्या आमच्या घरात रेडिओ स्वयंपाकघराच्या दारालगतच्या फडताळात असायचा. मागचं झाकण केव्हाच तुटलेलं, सेल रबरानं बांधलेले. जुनं भावगीत लागलं की वडील खुर्ची ओढून जवळ बसत. चाल त्यांना नीट ऐकू यायची, शब्द निसटायचे. ते आई सांगायची. गवार मोडता मोडता, मान वर न करता, ओळीच्या किंचित आधी आणि मोठ्यांदा. सुरात नाही, वाणसामानाची यादी सांगावी तसं. 'शुक्रतारा'ची तर सुरुवातच 'श'नं. आमच्याकडे आधी आईचा 'श' यायचा, मग अरुण दाते.

या गाण्यांना हळवी म्हणून बाजूला सारणाऱ्या जाणकारांचं म्हणणं मी तरुणपणी मान्य करत होतो. चंद्र, चांदणं, फुलं, ओले डोळे, ठरलेलं सामान. त्यात खोटं काही नाही. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' नागपूरच्या जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रिकेवर गायली आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुळली, असं मानतात. तिथपासून साठच्या दशकात मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या 'शुक्रतारा'पर्यंत बहुतेक गाणी पहिल्या भेटीपाशी नाही तर ताटातुटीपाशी थांबतात. दुसऱ्या दिवशी दूधवाला येतो, बदलीचा हुकूम येतो, सासऱ्यांना अर्धांगवायू होतो, घराचे हप्ते सुरू होतात. तिथं गाणं नसतं. चाळीस-पन्नास वर्षं एका छताखाली काढलेल्या माणसांच्या प्रेमाला आपल्या भावगीतानं फार थोडी जागा दिली, ही तक्रार माझीही आहे.

पण गाणं ध्वनिमुद्रिकेवर संपतं, हे मला आता पटत नाही. उरलेलं गाणं ऐकणारे रचतात, आणि त्याला कधी कधी सगळं आयुष्य लागतं.

कवी अनिलांचं 'अजुनी रुसून आहे' घ्या. कुमार गंधर्वांनी चाल बांधली आणि गायलं. पत्नी कुसुमावती गेल्यावर, तिच्या निश्चल देहाकडे पाहून अनिलांनी ही कविता लिहिली, अशी कथा घरोघरी सांगतात. कथा खरी नाही. कुसुमावतीबाई गेल्या १९६१ साली. कविता त्याच्या बरीच आधीची आहे. ती आहे नवराबायकोतल्या रुसव्याची. तरी कथा हटत नाही, आणि ती सांगणाऱ्यांवर माझा राग नाही. लोकांनी रुसव्याचं गाणं घेतलं आणि त्यात मरण ठेवलं, कारण साथीदार गेल्यानंतरच्या दिवसांसाठी त्यांना गाणं हवं होतं आणि हाताशी हेच होतं. चूक तारखेची आहे, गरज खरी आहे. शिवाय खुद्द या दांपत्याचं आयुष्य त्या दंतकथेपेक्षा कमी नव्हतं. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, कुसुमावतीबाई १९६१ साली ग्वाल्हेरच्या. अखिल भारतीय संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. दोघांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' या नावानं पुस्तकरूपात आली ती १९७२ साली. विशीतली ती पत्रं सत्तरीतल्या माणसानं वाचकांच्या हाती दिली. अक्षरं तीच, पण अकरा वर्षं एकट्यानं काढल्यावर ती पत्रं त्याला काय सांगत असतील?

आमच्या शहरात प्रेमाचं स्मारक म्हणून पाहुण्यांना बीबी का मकबरा दाखवतात. दिलरस बानू बेगम १६५७ साली बाळंतपणानंतर गेली, तिच्यावरचा हा मकबरा. तिचा नवरा पुढं पन्नास वर्षं जगला. दगडात बांधलेलं प्रेम बहुधा असं लवकर तुटलेलंच असतं. सोबत म्हातारं झालेल्यांचं स्मारक मी कुठं पाहिलेलं नाही. त्यांच्या मागं डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या राहतात, आणि गोळ्यांचा डबा, ज्यावर दुसऱ्याच्या अक्षरात 'सकाळ', 'रात्र' लिहिलेलं असतं.

अर्थात सोबत म्हातारं होणं बाईला आणि पुरुषाला सारखं पडलेलं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं अप्रामाणिक होईल. माझी आजी पैठण तालुक्यातली. तिच्या जात्यावरच्या ओव्यांत आई, भाऊ, लेक भरभरून येत. नवरा क्वचित यायचा, आणि आला की बरोबर एक मागणं यायचं: अहेवपणी मरण दे, त्याच्याआधी ने. लहानपणी मला ते प्रेमाचं परमोच्च टोक वाटे. नंतर कळलं, त्यात भीतीही तेवढीच होती. मागं राहिली तर कुंकू जाणार, बांगड्या जाणार, हळदीकुंकवाला कुणी बोलावणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो २०२२च्या मे महिन्यात, म्हणजे अगदी अलीकडं. नवऱ्याच्या आधी मरण्याची इच्छा ज्या बायकांना ओवीत गावी लागली, त्यांच्या प्रेमाबद्दल हळवं होताना मला आता संकोच वाटतो.

त्याच पैठणच्या, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानच्या, हाल सातवाहनाच्या नावानं 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्या मराठीत आणल्या. शेतं, नदीकाठ, चोरट्या भेटी, रुसवे, सगळं त्यात आहे. पण एक गाथा मला कायम थांबवते. सुखदुःख वाटून घेत ज्यांचं प्रेम काळाबरोबर मुरलं, अशा जोडप्याची ती आहे. कवी तिथं मरणाचा हिशेबच फिरवतो: गेलेला सुटला, खरा मेला तो मागं उरलेला. इथं तो बाई आणि पुरुष असा भेद करत नाही. दोघांपैकी कुणीही. गोदाकाठच्या या भाषेला मुरलेल्या प्रेमाचा शब्द त्या काळी सापडला होता. भावगीतापर्यंत येता येता तो आपण हरवला, असं मला वाटतं. आणि तरीही ज्यांना तो हवा होता त्यांनी चांदण्याच्या, पहिल्या भेटीच्या गाण्यांतूनच तो घडवला. माझ्या आईवडिलांनी 'शुक्रतारा' तरुणपणी एकत्र ऐकलं की नाही, मला माहीत नाही. एकत्र कुटुंबात शेजारी बसून गाणं ऐकण्याची सोयही नसावी. ते गाणं त्यांचं झालं ते वडिलांचे कान गेल्यावर.

ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील. गेल्या दिवाळीत मी घरी होतो. रेडिओ जाऊन मुलानं घेऊन दिलेला छोटा स्पीकर आलाय, त्याच फडताळात. आई खाली बसून मेथी निवडत होती. गाणं लागलं. पहिल्या ओळीच्या किंचित आधी तिनं शब्द सांगितले, तसेच, मोठ्यांदा. मधलं वाद्यवृंदाचं वाजणं चालू असताना थांबली. पुढच्या ओळीआधी पुन्हा. घरात आता सगळ्यांचे कान चांगले आहेत.

कडवं संपल्यावर तिनं मान वर केली, खुर्चीत मी होतो.

"तुला येतंय ना रे ऐकू?" ती म्हणाली.