साडेतीन रुपयांचा होन

म्हैसूर संस्थानाच्या जमाखर्चात एक आकडा पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला होता: साडेचोवीस लाख रुपये. तैनाती फौजेपोटी इंग्रजांना दरसाल द्यायची ही रक्कम. मागणारा एक तर पंचवीस लाख मागेल, नाहीतर वीस. हे साडेचोवीस आले कुठून? 1799 मध्ये टिपू पडल्यावर जो तह झाला, त्यात रक्कम रुपयांत नव्हतीच. ती होती सात लाख स्टार पगोडा, म्हणजे मद्रासेत चालणारे कंपनीचे सोन्याचे होन. एका होनाला साडेतीन रुपये धरले की साताचे साडेचोवीस होतात. (आपले मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. हा होन त्याच पंगतीत बसवायला हरकत नाही.)

1818 मध्ये मद्रास इलाख्याने हिशेबाला चांदीचा रुपया घेतला आणि शंभर होनांना साडेतीनशे रुपये हा दर पक्का केला. पुढे होन बाजारातून गेला, 1843 मध्ये म्हैसूरची स्वतःची नाणी पाडणंही थांबलं, पण तो दर साडेचोवीस लाखांच्या पोटात जिवंत राहिला. युरोपात अलीकडे असंच घडलं. 1998 च्या अखेरीस एका युरोला 1.95583 मार्क असा दर कायमचा ठरला. मार्क चलनातून केव्हाच गेला, तरी जुनी नोट नेली तर जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही त्याच दराने, पाचव्या दशांशापर्यंत हिशेब करून, युरो देते.

दोन नाण्यांमधला दर असा गोठवता येतो, हे शहाजीराजांच्या बंगळुरात कुणाला पटलं नसतं. 1638 नंतर हे शहर त्यांच्या जहागिरीत होतं. पेठेत होन, हण, रुपये शेजारी शेजारी चालत, आणि एकाच नावाच्या दोन नाण्यांची किंमतही सारखी नसे. कुठल्या टांकसाळीचं, किती झिजलेलं, कस किती, हे पाहून सराफ बट्टा सांगे. म्हैसूरच्या कंठीरव नरसराजाने तर सोन्याचे चिमुकले हण पाडले आणि दहा हणांचा होन नुसता वहीत ठेवला. हिशेब होनांत, देणंघेणं हणांत. 1687 मध्ये व्यंकोजीराजे बंगळूर विकायला निघाले तेव्हा तीन लाख रुपयांचा सौदा ठरला होता. मोगल सरदार कासिमखानाने मध्येच शहर घेतलं आणि तेवढ्याच रकमेला ते चिक्कदेवराज वडियारांच्या हवाली केलं. होनांच्या मुलखातलं शहर, किंमत मात्र रुपयांत. राज्य कुणाचं चढतंय हे त्यातून बंगळूरच्या सराफांना कळलंच असेल.

त्या काळात याविषयीचा सर्वांत स्वच्छ विचार मला रायगडावर सापडतो. 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांच्या मागण्या घेऊन आला. आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं, ही त्यातली एक. शिवाजी महाराजांच्या बाजूने मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की ज्यात रयतेचा तोटा आहे ते नाणं घ्यायची सक्ती करणं आमच्या कायद्यात बसत नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर आम्ही मनाई करणार नाही. दर बाजारात ठरेल आणि फरक गरिबाच्या माथी मारला जाणार नाही, एवढंच त्यात आहे. (बट्ट्याचा भुर्दंड शेवटी रयतेवरच पडत असे, ही गोष्ट वेगळी.)

सव्वाशे वर्षांनी म्हैसूरच्या तहात सक्ती होती, आणि ती सक्ती पुढे विचित्रपणे उलटली. होन सोन्याचा, रुपया चांदीचा. 1870 नंतर जर्मनीने आणि तिच्यामागून इतरांनी चांदी सोडली, चांदी गडगडली, आणि जवळजवळ दोन शिलिंगांचा, म्हणजे चोवीस पेन्सांचा, रुपया 1894-95 पर्यंत तेरा पेन्सांवर आला. देणं होनांतच राहिलं असतं तर म्हैसूरला तेवढ्याच सोन्यासाठी कितीतरी जास्त रुपये मोजावे लागले असते. साडेतीनच्या दराने सोन्याचं कर्ज गुपचूप चांदीचं केलं होतं. 1896 पासून रक्कम 35 लाखांवर गेली. 1928 मध्ये वाढीव साडेदहा लाख माफ झाले आणि खात्यात पुन्हा साडेचोवीस लाख आले.

दरम्यान 1893 मध्ये सरकारने चांदी आणून रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद केली आणि पुढे रुपया सोळा पेन्सांना बांधला. रुपया चांदीचाच, पण त्याची किंमत चांदीवर ठरेना. बंगळूरपासून शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या खाणी जॉन टेलर आणि सन्सच्या कारभाराखाली सोनं काढून इंग्लंडला पाठवत होत्या, आणि बंगळूरच्या रुपयाचं मोल लंडनमध्ये पेन्सांत ठरत होतं.

सोळा पेन्स की अठरा, हा वाद पुढे पेटला आणि 1927 मध्ये अठरावर मिटवला गेला. गिरणीवाल्यांना सोळा हवे होते. त्या वादात सराफाच्या कट्ट्यावरचा जुना प्रश्न नव्याने मांडला तो डॉ. आंबेडकरांनी. 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयावरच्या प्रबंधात ते म्हणतात, की रुपया स्वस्त झाल्याने होणारा फायदा बाहेरून देशात येत नाही, तो एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. भाव चढतात, मजुरी तितकी चढत नाही. म्हणून त्यांच्या लेखी पेन्सांपेक्षा रुपयात इथे काय विकत मिळतं हे महत्त्वाचं होतं.

रुपयाचा दर 1993 पासून बाजारावर सोडलेला आहे, रिझर्व्ह बँक अधूनमधून हात घालते एवढंच. डॉलर चढला की बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांच्या तिमाही हिशेबात रुपये वाढतात, आणि वर्तमानपत्रं रुपया ‘घसरला’ असं छापतात. कंपनीच्या फाटकाबाहेर उभ्या रिक्षावाल्याच्या टाकीतला गॅस मात्र बराचसा डॉलरमध्ये आयात झालेला असतो, आणि त्याचं मीटरभाडं सरकार वर्षानुवर्षं बदलत नाही.