होडीचा वाटा

गेल्या दिवाळीत सहा मित्रांना घेऊन देवबागला मामाकडे गेलो. मामाची फायबरची होडी आहे. सीझनला तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला, कर्ली नदीच्या संगमाकडे वगैरे नेतो. आम्हीही दोन दिवस मनसोक्त फिरलो. निघताना मी ऐटीत पेट्रोलचे पैसे दिले. मामी म्हणाली, "आणि बोटीचो वाटो?" सगळे हसले, मीही हसलो.

पुण्याला परतताना एसटीत ते हसू घशात अडकलं.

कोकणात मासळीचे पैसे वाटताना खलाशांसोबत होडीचा आणि जाळ्याचाही वाटा काढायची पद्धत आहे. होडीला भूक नाही, पण ती झिजते. आमच्या दोन दिवसांतही झिजलीच असणार. संगमाशी पाणी उथळ. इंजिन थंड ठेवणारा पंप तिथे पाण्यासोबत वाळूही ओढतो आणि आतला रबरी पंखा घासला जातो. किनाऱ्यावर ओढताना तळाचा गुळगुळीत थर खरवडतो, मग पाणी फायबरमध्ये मुरतं. यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. पेट्रोल संपलेलं दिसतं, म्हणून आपण पेट्रोलचे पैसे देतो.

मी स्वतःशी वकिली केली. होडी तशीही उभीच होती. हे अर्धं खरं आहे. ऊन आणि खारं पाणी उभ्या होडीलाही सोडत नाही. मग माझा हिस्सा किती? पंखा शंभराव्या फेरीला तुटला, तर दोष शंभराव्या फेरीवाल्याचा, की आधीच्या नव्याण्णवांचाही?

प्लुटार्कने सांगितलेलं थिसियसच्या जहाजाचं कोडं कॉलेजात आम्ही चहावर चघळायचो. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहतं का? नव्या फळ्यांचे पैसे कोणी दिले, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आमच्यात सुताराच्या घरचं कुणी नव्हतं, म्हणूनही असेल.

वाट्याच्या पद्धतीत झीज मोजायची भानगडच नाही. काही तुटो न तुटो, होडीचे पैसे आधी बाजूला पडतात. मी मात्र 'घरचीच होडी' म्हणून मोकळा झालो होतो. अनोळखी पर्यटक निदान भाडं तरी देतो.

परवा मामाला मोबाइलवरून पैसे पाठवले. त्याने लगेच परत पाठवले, वर "येडो रे!" दहा मिनिटांनी मामीचा मेसेज आला: "माझ्या नंबरार घाल."