इतर कोणतीही ऊती

अवयवदानाचा फॉर्म भरताना मी एका चौकोनापाशी अडकले. हृदय, मूत्रपिंडं, यकृत यांवर फटाफट टिक केलं. मग ऊतींची यादी: डोळे, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या. शेवटी 'इतर कोणतीही ऊती'. इतर म्हणजे नक्की काय? एरवी मी काही न वाचता 'ॲग्री' दाबणाऱ्यांतली. (ती बटणं बनवण्याचाच मला पगार मिळतो.)

इतर म्हणजे, उदाहरणार्थ, चरबी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेनिफर एलिसीफ आणि सहकाऱ्यांनी दान केलेल्या मानवी चरबीपासून इंजेक्शनने देता येणारा पदार्थ बनवला. त्यातला स्निग्धांश आणि पेशी काढून टाकायच्या, प्रथिनांची जाळी तेवढी ठेवायची. भाडेकरू गेलेली चाळच म्हणा. ती टोचली की आपल्या पेशी तिथे राहायला येतात. स्वतःचीच चरबी काढून भरायची तर शरीरावर आणखी एक जखम होते, आणि भरलेलं किती टिकेल याचा नेम नसतो. २०२२ साली त्यांनी माणसांवरच्या चाचणीबद्दल लिहिलं. निरोगी स्वयंसेवकांच्या पोटाचा जो भाग नंतर शस्त्रक्रियेत काढायचाच होता, त्यातच हा पदार्थ टोचला आणि १ ते १८ आठवड्यांनी काढून तपासला. टेस्टिंगची इतकी सभ्य पद्धत मी आमच्या धंद्यातही पाहिलेली नाही.

पण अशा प्रकारचा, मृत दात्यांच्या चरबीचा पदार्थ अमेरिकेत सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांतही मिळतो. माझा पहिला विचार सरळ होता: जखमेसाठी घ्या, सुरकुतीसाठी नको.

मग मावशी आठवली. स्तनातली गाठ काढल्यावर तिथे खड्डा राहिला. ती ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवते. घरात सगळे म्हणाले, "जीव वाचला ना? आता या वयात काय करायचंय?" म्हणजे त्यांच्या हिशेबात तिची गरज ही हौसच. मी फॉर्मवर आखत होते ती रेघ हीच. मृत्यूनंतर माझी चरबी कुणाच्या गालात गेली तर माझं काय जातं? काहीच नाही.

पैशाचं मात्र खटकतं. अवयवविक्रीला अमेरिकेत १९८४च्या कायद्याने बंदी आहे, पण प्रक्रियेचा वाजवी खर्च घेता येतो. स्वच्छ करणं, तपासणं, साठवणं फुकट होत नाही, हे मान्य. तरी या साखळीत फुकट काम करणारा एकटा दाताच. त्याला निदान कळायला हवं. 'इतर' या शब्दाआड हे सगळं झाकणं म्हणजे आमच्या भाषेत वाईट डिझाइन, साध्या भाषेत लबाडी. देणाऱ्याने काय द्यायचं ते ठरवावं, आणि घेणाऱ्याच्या गरजेची उलटतपासणी कुणी करू नये, इथवर मी आलेय.

रात्री मावशीला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

"चरबी ना? मग भर की," ती म्हणाली. "आणि काय गं, ते इंजेक्शन आपल्याकडे मिळतं का?"