शिक्षा झाली, पण कशाची?

कोएन बंधूंचा ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’ (२००१) नाशिकमध्ये एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जणांनी पाहिला. नंतर दोन मतं ऐकू आली. एक, फार संथ आहे. दोन, शेवटी त्याला शिक्षा मिळालीच ना.

पहिल्या मताशी माझं भांडण नाही. १९४९ सालचं कॅलिफोर्नियातलं गाव, सलूनमध्ये केस कापणारा आणि जवळजवळ न बोलणारा एड क्रेन, सिगरेटचा धूर, आणि रॉजर डीकिन्सचा कुठेही घाई न करणारा काळापांढरा कॅमेरा. मधेच चहा टाकायला उठलात तरी फार काही चुकत नाही, असं वाटतं खरं.

दुसरं मत मात्र डोक्यातून जात नाही. (शेवट सांगावा लागेल, इलाज नाही.) एड बायकोच्या प्रियकराला निनावी धमकी देऊन दहा हजार डॉलर उकळतो. ते उघड झाल्यावर झटापटीत तो प्रियकर एडच्या हातून मरतो. पकडली जाते बायको, डोरिस. एड वकिलाला सांगतो, खून मी केला. हे ज्युरीला पटेल का, एवढंच वकील बघतो. डोरिस तुरुंगात गळफास घेते. पुढे एडला विजेच्या खुर्चीवर बसवतात, ते भलत्याच माणसाच्या खुनासाठी. तो खून केलेला असतो त्याच मेलेल्या प्रियकराने.

“म्हणजे हिशोब जमला की,” आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले. मी विचारलं, मग डोरिसचं काय? “ती तर गेलीच.”

हा हिशोब आपल्याला फार आवडतो. सोसायटीत चोरी झाली की पूर्वी कधीतरी पकडल्या गेलेल्या पोराचं नाव पहिलं निघतं. ‘हे नसेल केलं, दुसरं काहीतरी केलंच असेल,’ हे वाक्य मी भल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. त्यात कर्मफळावरचा विश्वास कमी आणि पुढची चौकशी टाळायची सोय जास्त असते. खरा चोर त्या वेळी कुठे असतो, हे मग कोणी विचारत नाही. कर्म आपलं काम करेल असं मानणाऱ्याने खरं तर हात आवरायला हवा. आपण मात्र कर्माच्या नावाने स्वतःच पोराची गचांडी धरतो.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही (१९१३) अशीच गाठ आहे. तारामतीवर खुनाचा खोटा आळ, आणि तिला मारायची तलवार नवऱ्याच्याच हातात. तिथे ऐन वेळी शंकर प्रकट होतो आणि आळ पुसला जातो. एडच्या गावात असं कोणी येत नाही. तो खुर्चीवर बसतो, सिनेमा संपतो, आणि डोरिसवरचा आळ तसाच राहतो.