सफरचंदाची भजी

इंग्रजी कथेतलं ‘ॲपल फ्रिटर’ मराठीत आणायचं कसं? घारगे गोड, पण त्यांत भोपळा किसून, गुळात शिजवून कणकेत मुरवलेला. त्याचं रूप उरत नाही. भजी तिखटमिठाची, पण आतली चकती शाबूत. इथे बंगळुरूत माझ्या कढईत सफरचंदाची चकती मैद्याच्या पिठात बुडवून तळली, तरी ती सफरचंदच राहिली. म्हणून मी ‘सफरचंदाची गोड भजी’ लिहिलं. ‘फ्रिटर’ तसंच ठेवलं, तर वाचक दाराबाहेर राहतो. ‘घारगे’ म्हटलं, तर तो सुखावतो, पण परक्या घरातलं सफरचंद त्याला भेटतच नाही. वाचकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचं वेगळेपण विरघळवण्याचा हक्क अनुवादकाला नाही, असं मला वाटतं.